बसऱ्याच्या यादीतील एक नाव

आमच्या घरी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून जी काशाची जड चकती असे, ती आत्याच्या ताब्यात होती आणि तिला सगळे घर ‘राणीचं ताट’ म्हणत असे. साधारण बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर हातात पानांचे कडे धरलेली एक स्त्री, तिच्या शेजारी सिंह आणि काठाला इंग्रजी अक्षरे आहेत. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून ती घासली जाई, त्यामुळे सिंहाचे तोंड सपाट झाले होते आणि उजवीकडच्या चौकटीतील उठावाची अक्षरे बोटालाच काय ती कळत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने दिलेली ही स्मृतिचकती आहे, हे मला निवृत्तीनंतर समजले. सव्वीस वर्षे मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला; साराजेव्होतील गोळीबार, व्हर्सायचा तह आणि राष्ट्रसंघ मुलांकडून पाठ करून घेतले; आणि त्या सगळ्या काळात माझे पणजोबा आमच्या स्वयंपाकघरात बरणीवर होते.

चौकटीत रांगोळीची पूड हलकेच भरून बॅटरीचा उजेड तिरपा टाकला, तेव्हा नाव वाचता आले. फक्त नाव. या चकतीवर हुद्दा, पलटण वा क्रमांक मुद्दामच घातलेला नसतो, कारण मृतांमध्ये उच्चनीच ठेवायचे नाही असे ठरले होते. हे वाचून मला बरे वाटले, परंतु शोधाच्या दृष्टीने हाती काहीच लागले नाही. गावच्या चावडीच्या भिंतीतही त्या युद्धाचा एक संगमरवरी दगड बसवलेला आहे. या गावातून किती माणसे महायुद्धाला गेली आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढे दोन आकडे त्यावर इंग्रजीत कोरले आहेत, नावे नाहीत. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात असे दगड अनेक गावांत आहेत.

आत्याला तिच्या आजीकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून, ऐकलेले एकच वाक्य आठवत होते : “त्यो बसऱ्याला गेला आन् तिकडंच ऱ्हायला.” बसरा म्हणजे आजच्या इराकमधले बंदर. तेवढ्यावर मी तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी अर्ज केला. पहिल्या खेपेस नोंद नाही असे सांगण्यात आले, दुसऱ्या खेपेस त्या सालचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तर, वाळवीने खाल्ले आहेत असे कळले आणि तिसऱ्या खेपेस एका तरुण कारकुनाने स्वतः फळीवर चढून तो रुमाल काढून दिला. नोंद मोडीत होती. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याने ती वाचून दाखवली : खातेदार बसरेकडे लढाईत मयत, वारस अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलगा, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) आई. माझे आजोबा तेव्हा दोन वर्षांचे होते. त्या ओळीजवळ माझ्या पणजीच्या अंगठ्याचा ठसा आहे आणि मी त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला.

पुढचे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांतील मृतांच्या समाध्या आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरील यादीत होते. तेथे नावाने शोध घेऊन काही निघाले नाही, कारण आपली नावे ज्याने ज्या कानाने ऐकली तशी लिहिली गेली आहेत. ‘मराठा’ हा शब्दही तेव्हाच्या इंग्रजी लेखनात ‘महराट्टा’ होता. म्हणून नाव सोडले आणि उलट बाजूने सुरुवात केली. तिकडच्या मृतांचे स्मारक बसऱ्याचे, पलटण मराठ्यांची. मग १०३, १०५, ११० अशा क्रमाने एकेक पलटण घेऊन प्रत्येक नोंदीतील बापाचे नाव आणि गाव वाचत गेलो. रोज रात्री जेवणानंतर दोन तास. ज्यांना असे शोधायचे आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की नावावर विसंबू नये. बापाचे नाव आणि जिल्हा या दोन गोष्टी धरून चालावे. तीन महिन्यांनी, ११७ व्या पलटणीत, ते सापडले. गावाचे नाव ओळखू येणार नाही इतके मोडलेले होते, परंतु बाप, तालुका, सातारा, मुंबई इलाखा हे सगळे जुळत होते. मृत्यूची तारीख : २४ नोव्हेंबर १९१५.

ही तारीख पाहून मी रात्रभर जागा होतो. बगदादच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर टेसिफोन येथे २२ नोव्हेंबरला तुर्कांशी लढाई सुरू झाली आणि २५ तारखेला माघार. जनरल टाउनशेंडच्या पुणे डिव्हिजनने हल्ल्यासाठी रात्रीची कूच केली ती २१ तारखेला, आणि पंचांग मांडून पाहिले तर ती त्रिपुरी पौर्णिमा निघते. गावात त्रिपूर लागले असतील त्या रात्री पणजोबा त्याच चांदण्यात तैग्रिसच्या काठाने चालत होते. हल्ला २२ चा आणि मृत्यू २४ चा, याचा अर्थ ते जखमी होऊन पडून होते की नंतरच्या चकमकीत गेले, हे त्या यादीत नाही.

म्हणून मी मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा १९१७ चा अहवाल वाचायला घेतला. मूळ मोहीम बसरा आणि तेलाचे रक्षण करण्यासाठी होती. बगदादवर जाण्याएवढे सैन्य, बोटी आणि डॉक्टर नव्हते. टाउनशेंडने स्वतः शंका काढली होती. तरीही मोहिमेचा प्रमुख जनरल निक्सन याला बगदाद हवे होते, आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर गॅलिपोलीत अडकलेल्या लंडनच्या मंत्रिमंडळालाही एखादा विजय हवा होता. ऑक्टोबर १९१५ मध्ये परवानगी मिळाली. टेसिफोनला चार हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली आणि जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत नेले गेले. ते वर्णन मी एका बैठकीत पुरे करू शकलो नाही. उरलेले सैन्य मागे तैग्रिसकाठच्या कुत या गावी तुर्कांकडून वेढले गेले आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. शिपायांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले, हजारो वाटेत व छावण्यांत मेले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला आणि कैदेत असतानाच ‘सर’ ही पदवीही मिळाली.

या अहवालामुळे लंडनमधील मंत्रिमंडळातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्टला त्यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. ही घोषणा मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिली आहे. माँटेग्यू त्या खुर्चीवर कसे आले, हे मी एकदाही सांगितले नव्हते. सरकारे बदलतात ती अशी, कुठल्या तरी नदीकाठी कुजलेल्या जखमांच्या हिशेबातून, आणि पुस्तकात मात्र तारीख आणि मंत्र्याचे नाव तेवढे उतरते.

बसऱ्याच्या स्मारकावर समाधी नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. त्यात ब्रिटिशांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत; हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीखाली ‘आणि इतके इतर’ असा आकडा कोरला आहे. घरच्या चकतीवर नुसते नाव, तेथे नुसता आकडा. कमिशनने २०२१ मध्ये ही विषमता मान्य करून माफी मागितली. अशा असमान स्मरणाचा अंदाज त्यांनी ४५ ते ५४ हजार मृतांचा दिला आहे. ती माफी मला महत्त्वाची वाटते, पण दगड अजून तोच आहे.

मी चकतीचे छायाचित्र आणि फेरफाराची नक्कल भाषांतरासह पाठवून गावाचे नाव दुरुस्त करण्याची विनंती केली. उत्तर यायला काही महिने लागले. आता त्या नोंदीत आमचे गाव नीट लिहिलेले आहे.

तिथी ठाऊक नसल्यामुळे शंभर वर्षे त्यांचा म्हाळ सर्वपित्री अमावास्येला घातला जात होता. २४ नोव्हेंबर १९१५ ला कार्तिक वद्य तृतीया होती, हे मी आत्याला सांगितले. तिने दोनदा विचारून घेतले आणि गेल्या भाद्रपदात म्हाळ तृतीयेला घातला. पानाशेजारी तिने ती चकती ठेवली होती, या वेळी चिंच न लावता, नुसत्या ओल्या फडक्याने पुसून.