तुम्ही विचारलंत म्हणून: 'स्टिकी फिंगर्स' आणि रविवारची बैठक

मी जुना रॉक ऐकतो हे ज्यांना माहीत आहे, ते भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: ते साठ-सत्तरच्या दशकातले अल्बम आता जुनाट नाही वाटत? दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून येतो: मित्राकडे रेकॉर्ड ऐकायच्या रविवारच्या बैठकीला जाणं का सोडलंत? उभ्या उभ्या 'असंच' म्हणून मी वेळ मारून नेत आलो. त्याचा आता कंटाळा आलाय.

आधी ध्वनीचं सांगतो, कारण तिथे माझ्या मनात शंका नाही. लोक समजतात त्यापेक्षा हे अल्बम खूपच ताजे आहेत. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या १९७१च्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' चांगल्या स्पीकरवर लावा. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचे ड्रम मांडले होते आणि माइक वर टांगले होते. त्या ठोक्यात अख्ख्या घराची उंची ऐकू येते. १९८६ साली बीस्टी बॉइजनी तोच ठोका उचलून रॅपखाली घातला, आणि तिथेही तो नवाच वाटला. उलट ऐंशीच्या दशकात अत्याधुनिक म्हणून मिरवलेलं ड्रम मशीन आज दोन ठोक्यांत आपलं साल सांगतं. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' अल्बमचा जुना स्टीरिओ हेडफोनवर अडाणी वाटतो हे खरं, पण बीटल्सनी जीव ओतला होता तो मोनो मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकाच वाटेनं येणाऱ्या मिश्रणात. स्टीरिओचं काम त्यांच्या गैरहजेरीत उरकलं गेलं. २०१७ साली त्यांच्या निर्मात्याच्या मुलानं, जाइल्स मार्टिननं, नवं मिक्स केल्यावर १९६७च्या त्याच टेपमध्ये केवढा दम होता ते कळलं.

मला खुपतं ते रेकॉर्डच्या पाकिटावर. बीटल्सच्याच 'रिव्हॉल्वर'च्या पाकिटावर तबलजीचं नाव आहे, अनिल भागवत. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर'वर दिलरुबा, तंबुरा, तबला वाजवणाऱ्या एकाचंही नाव नाही. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये शब्दांवाचून काळीज पिळवटणारी क्लेअर टॉरी एका रविवारी ३० पौंडांवर गाऊन गेली. त्या गाण्याच्या रचनेत वाटा मिळवायला तिला २००४ साली कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे तडजोड झाली. लेड झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये आपले शब्द वापरले म्हणून ब्लूज गीतकार विली डिक्सनलाही दावाच लावावा लागला. हे कळल्यावर माझं ऐकणं थांबलं नाही. उशिरा का होईना, देणं दिलं गेलं, असं म्हणून मी पुढे ऐकत राहिलो.

रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स' या अल्बमपाशी मात्र अडलो.

पुण्यात आमची बैठक माझ्या मित्राकडे भरायची. त्याचा थोरला भाऊ बोटीवर होता. त्यानं परदेशातून आणलेली १९७१ची ती एलपी म्हणजे त्या घरातला देव. जीन्सच्या फोटोवर खरीखुरी झिप असलेलं ते पाकीट. झिप वर ओढलेली राहिली की शेजारच्या रेकॉर्डवर तिचा दाब पडतो, म्हणून मित्र ती कायम अर्ध्यावर आणून ठेवायचा, म्हणजे दाब पडलाच तर मधल्या लेबलवर पडावा. भाऊ गेल्यानंतर त्या पाकिटाला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. रेकॉर्ड स्वतः काढायचा, मऊ फडक्यानं गोल पुसायचा आणि मग सुई. पहिली बाजू, पहिलं गाणं, 'ब्राऊन शुगर'. स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची ती पाच तारांची, ओपन जी लावलेली (तारा नुसत्या छेडल्या तरी जी कॉर्ड वाजेल अशी) गिटार सुरू झाली की आम्ही सगळे माना डोलावू लागायचो. कॉलेजपासूनचं हे.

त्या रविवारी मित्राची सून चहा घेऊन आली आणि तिथेच टेकली. गाणं संपल्यावर तिनं मला विचारलं, "काका, हे कोणाबद्दल आहे?" मित्र म्हणाला, "अगं, शब्दांकडे काय बघतेस? गिटार ऐक." तिनं विचारलं होतं मला, म्हणून मी सांगितलं. गुलामांचं जहाज. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात विकलेल्या बायका. मध्यरात्री त्यांना चाबकानं मारणारा मालक. आणि त्याच झोकात, तिची चव किती गोड लागते असं मिटक्या मारत विचारणारा गायक.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग ती कुठेय यात?"

मला उत्तर सुचेना. मित्र भडकला, आणि भडकला तो माझ्यावर. "इतकी वर्षं यावर नाचलास तेव्हा कुठे होती तुझी अक्कल? आता पोरीसमोर शहाणा होतोयस?" मी म्हटलं, तिनं विचारलं, मी सांगितलं, खोटं काय सांगितलं ते दाखव. त्यानं रेकॉर्ड उचलली, पाकिटात घातली. त्याचे हात थरथरत होते. "दादानं आणलेली रेकॉर्ड तू घाण केलीस," म्हणाला. बाकीचे खाली बघत राहिले. सून "बाबा, अहो..." म्हणत उठली, तर तिलाही त्यानं आत जायला सांगितलं. मी चपला घातल्या. दारापर्यंत कुणी आलं नाही.

तेव्हापासून मी गेलेलो नाही, आणि त्यानं बोलावलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गाण्यासाठी? मी बंदी मागितलेली नाही. कुणाच्या घरात काय वाजावं हे ठरवणारा मी कोण? आणि मीच कशाला, गायक मिक जॅगर स्वतः १९९५च्या मुलाखतीत म्हणाला होता की आज आपण हे गाणं लिहिणार नाही. २०२१च्या दौऱ्यात स्टोन्सनी ते वगळलं. रिचर्ड्सला मात्र ते पटलेलं नव्हतं. गुलामगिरी किती भयानक होती त्याचंच हे गाणं आहे, लोकांना कळत कसं नाही, असं त्याचं म्हणणं.

कॉलेजातला मी रिचर्ड्सच्या बाजूनं तावातावानं भांडलो असतो. गाणारा म्हणजे पात्र, खलनायकाच्या तोंडचं गाणं आहे, असं म्हणालो असतो. पण रँडी न्यूमनचं १९७२चं 'सेल अवे' ऐका. तिथेही गुलामांचा व्यापारीच गातोय, आफ्रिकेतल्या माणसांना अमेरिकेची गोड स्वप्नं दाखवतोय. चाल इतकी मधुर की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण ती माधुरी हाच त्याचा सापळा आहे. 'ब्राऊन शुगर'मध्ये सापळा नाही. बॉबी कीजचा सॅक्सोफोन, ते शेवटचे चीत्कार, सगळा वाद्यवृंद मालकाच्या बाजूनं जल्लोष करतोय. आणि हे ध्वनिमुद्रित झालं १९६९च्या डिसेंबरात, अलाबामातल्या मसल शोल्समध्ये. काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्माचा मोर्चा त्याच राज्यात निघाला होता, १९६५ साली.

त्या जुन्या मला आणखी एक मुद्दा सुचला असता आणि तो मला आजही जड जातो. सासू-नणंदेच्या जाचाच्या बंदिशी आपण रात्ररात्र ऐकतो, तिथे कुठे खटला भरतो? खरंय. पण त्या बंदिशीत, बांधणारा पुरुष का असेना, बोलते ती सूनच. जाच तिच्या तोंडून कळतो. मित्राच्या सुनेनं त्या दिवशी नेमकं तेच विचारलं होतं.

तरीही खरं सांगायचं तर रिक्षात, कुठल्याशा हॉटेलात ती गिटार कानावर पडली की माझा पाय ठेका धरतो. डोक्याला विचारून धरत नाही. यासाठी मी स्वतःला कोसत नाही आणि त्याचं समर्थनही करत नाही.

मध्यंतरी एका सामायिक मित्राकडून त्या बैठकवाल्या मित्राचा निरोप आला: "'सिस्टर मॉर्फीन' ऐकतोस ना अजून? मारियान फेथफुलचं नाव कुठे होतं त्या पाकिटावर?" नव्हतंच. त्याच अल्बममधलं ते गाणं लिहिण्यात या गायिकेचा वाटा होता आणि तिचं नाव फार उशिरा लागलं. मी म्हणू शकतो की तिचं नाव निदान पुढे लावता तरी आलं. पण त्याच अल्बममधलं 'कॅन्ट यू हिअर मी नॉकिंग' मी आजही शेवटपर्यंत ऐकतो. मिक टेलरची गिटार सुरू झाली की खोलीत कुणी बोललेलं मला चालत नाही. 'ब्राऊन शुगर'चीच माणसं, तोच अल्बम, तीच बाजू. एक गाणं सोडायचं आणि दुसरं धरायचं हे मी कुठल्या नियमानं करतो, असं तो विचारणार, आणि त्या निरोपाला मी अजून उत्तर धाडलेलं नाही.