अठराच्या अलीकडे की पलीकडे

सरकारी रुग्णालयात वयनिश्चितीची प्रकरणं माझ्याकडे येतात. कागद येतो, एक्स-रे निघतो, अहवाल जातो. फटाक्यांच्या कारखान्यातून सोडवून आणलेल्या त्या मुलाचा अहवाल मात्र अजून डोक्यातून जात नाही.

नखांच्या कडांत ॲल्युमिनियमची राखाडी पूड. काम दारू भरण्याचं. बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीपासून १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणीत किंवा स्फोटकांच्या कामावर ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे. मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. सगळं अडलेलं अठरावर. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, वय एकोणीस. तारीख सांगता आली नाही की ही १ जानेवारी पडते. आधार म्हणजे वयाचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, तरी मालक तेच पुढे करतात.

मग हाडं. कोपराची टोकं पूर्ण जुळलेली. मनगटाजवळ रेडियसच्या, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाच्या, टोकाची वाढीची रेघ अजून उघडी. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला नवं हाड उगवलंय, पण चिकटलेलं नाही. अक्कलदाढ नाही. सोळा ते अठरा, असं मत झालं.

धाड घालणारा अधिकारी म्हणाला, "मॅडम, अठराच्या आत एवढंच लिहा." मुलगा म्हणाला, "डॉक्टर, एकोणीसच लिहा ना. काम गेलं तर घरी पैसे कुठून देऊ?" दोघांनाही नाही म्हटलं. हाड जेवढं सांगतं तेवढंच मी लिहिते.

पण ते नेमकं कधीच सांगत नाही. या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानेच १९८२ मध्ये मान्य केलंय. मूल आरोपी असतं तेव्हा ही दोन वर्षं त्याच्या कामी येतात. इथे आरोपी मालक, म्हणून संशयाचा फायदाही त्यालाच. मालकाने भरलेला दंड मुलाच्या नावे जमा होतो, वर सरकार १५ हजार घालतं. गुन्हाच टिकला नाही तर तेही नाही.

बाल न्याय कायद्याच्या ९४व्या कलमात क्रम घालून दिलाय: आधी शाळेचा दाखला, मग जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडं. मी मुलाला विचारलं, "शाळेत गेला होतास?" म्हणाला, "चौथीपर्यंत." हे त्याला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. एक्स-रेचा कागद हातात पडतो, शाळेला पत्र लिहावं लागतं, एवढंच त्यामागचं कारण. या आळसाची मला चीड येते. अहवालाखाली तसं लिहिलं, शाळेचं जनरल रजिस्टर मागवायला लावलं. नोंद सापडली: सोळा पूर्ण, सतरावं चालू. मालकाच्या वकिलाला दोन वर्षं ताणायला जागाच उरली नाही.

त्याच कारखान्यातून आलेला दुसरा मुलगा शाळेत कधी गेलाच नव्हता. घरी जन्मलेला, नोंद कुठेच नाही. त्याच्या मनगटाची रेघ पुसट होत आलेली. त्याच्या फायलीत माझ्या अहवालाशिवाय काहीच नाही, आणि त्या अहवालात सतरा ते एकोणीस लिहिलंय.