तुम्ही विचारलंत म्हणून : सेनापतींना अक्कल नव्हती का?

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, पैकी इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की खाऊची पुडी हातात धरून पोरं त्या पाटीपाशी घुटमळतात आणि त्यातलं एखादं माझ्याकडे येतंच. पोर दरवर्षी नवं, प्रश्न जुनाच. "नाना, समोर मशीनगन आहे हे माहीत असून ही माणसं खंदकातून उठून सरळ चालत कशी जायची? त्यांच्या सेनापतींना अक्कल नव्हती का?" आता मोठी माणसंही विचारतात. परवा एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या विचारलं गेलं.

मलाच विचारायचं कारण म्हणजे माझे पणजोबा त्या युद्धात होते. आमच्या घरात त्याला अजून 'बसऱ्याची लढाई' म्हणतात. मी स्वतः सैन्यात नव्हतो. तेहतीस वर्षं टेलिफोनच्या कामात केबल जॉइंटर होतो, म्हणजे तुटलेल्या तारा जोडायच्या. निवृत्त झाल्यावर त्या युद्धावर हाताला लागेल ते वाचत सुटलो. वाचताना डोळ्यांपुढे सारखा केबलचा खड्डाच यायचा, त्यामुळे माझं उत्तर जरा एकांगी आहे, ते तेवढं धरून ऐका.

अक्कल होती हो. तार नव्हती.

आधी मशीनगनचं बघू. मॅक्सिम जातीची बंदूक मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या झाडायची. नळी तापू नये म्हणून भोवती पाण्याचं कवच. उघड्या रानात तिच्यासमोर जाणं म्हणजे मरणच. पण त्या युद्धात जास्तीत जास्त माणसं पडली ती तोफांमुळे. ब्रिटिशांच्या जखमींची गणती पाहिली तर निम्म्याहून अधिक जखमा तोफगोळ्यांच्या आणि उखळी तोफांच्या निघतात. त्यांच्या अठरा पौंडी तोफेच्या एका शार्पनेल गोळ्यात शिशाच्या ३७५ गोळ्या भरलेल्या असत. गोळा वर हवेतच फुटायचा आणि त्या सगळ्या गारांसारख्या खाली यायच्या. माणसं जमिनीत शिरली ती यामुळे.

तेव्हा सेनापतींनी काढलेला उपायही तोफांचाच होता. भडिमार करून काटेरी तारा तोडायच्या, शत्रूला डोकं वर काढू द्यायचं नाही, आणि भडिमार पुढे सरकला रे सरकला की आपली माणसं त्याच्या खंदकात उतरवायची. उपाय खोटा नव्हता. उत्तर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल या गावी १० मार्च १९१५ ला तो चक्क लागू पडला. हल्ला करणाऱ्यांत जवळजवळ निम्मे आपल्या हिंदी कोअरचे, म्हणजे हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेचे होते.

तो दिवस मी पोरांना घड्याळ हातात घेऊन सांगतो. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या. जेमतेम दोन हजार यार्डांच्या पट्ट्यावर साडेतीनशेच्या आसपास तोफा, फक्त पस्तीस मिनिटं. आधी विमानातून जर्मन खंदकांचे फोटो काढून त्यावरून नकाशे केले होते. तेव्हा ही अगदी नवी गोष्ट. आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ उठलं. ३९ गढवाल रायफल्सचा गबर सिंग नेगी हातबॉम्ब आणि संगिनी घेतलेल्या टोळीबरोबर जर्मन खंदकात घुसला आणि प्रत्येक वळणावर पहिला पुढे होत त्यांना मागे रेटत गेला. तो तिथेच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. हे काही मशीनगनसमोर चालत जाणं नव्हे, ही खंदकाच्या बोळातली हातघाई. सकाळ संपायच्या आत गाव हातात आलं होतं. डाव्या अंगाला मात्र दोन हॉवित्झर बॅटऱ्या (उंचावरून गोळा टाकणाऱ्या तोफांच्या तुकड्या) ऐनवेळी येऊन पोचल्या होत्या, त्यांना नेम बसवून बघायला सवड मिळाली नाही. त्यांच्या वाट्याचा खंदक धड राहिला, त्यातल्या दोन मशीनगनही धड राहिल्या. तिथे मिडलसेक्स आणि स्कॉटिश रायफल्स या दोन पलटणी कापल्या गेल्या.

पण मधोमध भगदाड पडलं होतं. पुढे मोकळं रान, जर्मनांची राखीव फौज अजून लांब. आता पुढे जायचा हुकूम हवा. तो द्यायचा कोणी? पलटणीने ब्रिगेडला कळवायचं, ब्रिगेडने डिव्हिजनला, डिव्हिजनने कोअरला, आणि हुकूम त्याच पायऱ्या उतरत खाली यायचा. टेलिफोनची तार आपल्या पुढच्या खंदकापर्यंत. त्यापलीकडे सिग्नलवाला पाठीवर रीळ घेऊन तार सोडत पळायचा; ती जमिनीवर उघडी पडलेली, पहिल्याच गोळ्याला तुटायची. मग चिठ्ठी घेऊन माणूस. तो पोचला तर पोचला. मागे बसलेल्या जनरलला डावीकडचं अडलेलं कळलं, मधलं मोकळं झालेलं नीट कळलं नाही. पुढे सरकायचा हुकूम निघाला तेव्हा दुपार कलली होती. मार्चमधला फ्रान्समधला दिवस तो, लवकर अंधारतो. रात्रीतून जर्मनांनी माणसं आणून नवी फळी उभी केली. पुढच्या दोन दिवसांत हाती काही आलं नाही. एकट्या हिंदी कोअरचे सुमारे ४,२०० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

इथे मला माझा एक खड्डा आठवतो. रस्त्याच्या कामात एका ठेकेदाराच्या जेसीबीने आमची आठशे पेअरची, म्हणजे आठशे जोड तारांची, केबल उडवली. पावसाळा, खड्ड्यात गुडघाभर पाणी, वरती ताडपत्री, खाली आम्ही दोघं आणि दोन्ही बाजूंना सोळा-सोळाशे टोकं. कागदी इन्सुलेशनची जुनी केबल, ओल लागली की गेलीच. वरिष्ठ एक्स्चेंजमध्ये बसून होते. फोन मेलेला, तेव्हा ते दर तासाला माणूस पाठवायचे, "किती पेअर झाले?" मी सांगायचो दोनशे. तो सायकलवरून चिखलातून परत जाईपर्यंत इकडे अडीचशे झालेले, नाहीतर जोडलेल्यातले पन्नास पाणी शिरून गेलेले. साहेबांकडे रात्रभर शिळी बातमी. त्यावर त्यांनी जे हुकूम सोडले ते ऐकून आम्ही हसत होतो. आमच्यावर कोणी गोळे टाकत नव्हतं म्हणून हसू शकलो.

बातमी शिळी येते हे सेनापतींना कळत होतं. म्हणून त्यांनी वेळापत्रक काढलं. तोफांशी बोलता येत नाही ना, मग तोफांनी घड्याळावर चालायचं: इतक्या मिनिटांनी शंभर यार्ड पुढे, पुन्हा इतक्या मिनिटांनी शंभर यार्ड. पायदळाने त्या फुटणाऱ्या गोळ्यांच्या पडद्यामागून जायचं. पळाला तर आपल्याच गोळ्याखाली, मागे राहिला तर पडदा निघून गेलेला आणि मशीनगनवाला बाहेर येऊन बसलेला. पोरं विचारतात ना, चालत का? पडदा चालीने सरकायचा म्हणून, बाळांनो.

वेळापत्रकाचा दुसरा घाव आमच्या घराजवळचा आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा जिथे आहे त्या आजच्या इराकमध्ये, तायग्रिस नदीच्या वळणात कूट नावाचं गाव. डिसेंबर १९१५ पासून ब्रिटिश जनरल टाउनशेंडची फौज तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तीत मराठ्यांच्या तीन पलटणी: १०३, ११० आणि ११७. धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले. आमच्या आजीला ही गोष्ट फार आवडायची. आभाळातून जातं पडलं म्हणायची. एप्रिलमध्ये पीठही विमानातून टाकलं, पण इतक्या तोंडांना ते कुठे पुरणार? घोडे मारून खायची वेळ आली.

त्यांना सोडवायला निघालेली फौज ७ मार्च १९१६ च्या रात्री अंधारात वाळवंट तुडवत निघाली आणि पहाटे दुजैलाच्या गढीसमोर उभी राहिली. तुर्कांना पत्ता नव्हता. गढीत माणसं नावाला. समोर उघडं दार! पण योजनेत लिहिलं होतं की आधी तोफा, मग पायदळ. फ्रान्समध्ये रक्त सांडून शिकलेला धडा होता तो. या फौजेच्या जनरल केंबॉलने योजना मोडली नाही. तोफा येऊन नेम लावेपर्यंत जवळपास तीन तास गेले, तोफांच्या आवाजाने तुर्क जागे झाले आणि नदी ओलांडून धावत गढीत शिरले. मग हल्ला झाला. संध्याकाळपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं पडली. २९ एप्रिलला, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, कूट शरण गेलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात फेऱ्या मारल्या. न्यूव्ह शापेलला वरच्याला दिसत नव्हतं, ते मी समजू शकतो. इथे डोळ्यांसमोर दिसत होतं. तेव्हा अकलेचा प्रश्न अगदीच वावगा नाही, हे पोरांना कबूल करतो. १ जुलै १९१६ च्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईचंही तेच. आठवडाभर पंधरा लाखांवर गोळे टाकले आणि समोर कोणी जिवंत उरला नसेल असं गृहीत धरलं. त्यातले पुष्कळ शार्पनेल, खोल तळघरात बसलेल्या जर्मनांना त्यांचा उपद्रव तो काय? एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यातले १९,२४० मेलेले. सगळ्यांच्या डोक्यात जे चित्र आहे ते या एका सकाळचं आहे.

पण शिकलेही. मला त्यातला सर्वांत प्रिय माणूस म्हणजे लॉरेन्स ब्रॅग, पंचविसाव्या वर्षी वडिलांबरोबर भौतिकीचं नोबेल मिळवलेला. त्याला कामगिरी दिली होती की शत्रूची दडलेली तोफ आवाजावरून शोध. अडचण अशी की गोळ्याचा कडाका मायक्रोफोनला ऐकू यायचा, तोफेचा खरा दणका दबून जायचा. हा राहायचा त्या घरातल्या संडासाला बाहेरची हवा लागायची ती फक्त बैठकीखालच्या नळातून. जवळची मोठी तोफ उडाली की बैठकीवरून हे महाशय किंचित उचलले जायचे! म्हणजे कानाला न कळणारा दणका हवेत होता आणि त्यात चांगला जोर होता. मग टकर नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने तापवलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन केला. दणक्याची झुळूक आली की तार थंड व्हायची आणि खूण उमटायची. असे मायक्रोफोन ओळीने मांडून कोणाला खूण किती उशिरा आली यावरून तोफेची जागा काढायची. शेवटी इथेही तारच.

त्याच्या जोरावर २० नोव्हेंबर १९१७ ला फ्रान्समधल्या कांब्रेला हजारावर तोफा, आधी एकही गोळा टाकून नेम न बघता, एकाच क्षणी सुरू झाल्या. पुढे चारशेहून अधिक रणगाडे. पहिल्या दिवशी जी मजल मारली तेवढ्यासाठी आधी महिने जायचे. इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजवल्या. दहा दिवसांनी जर्मनांनी उलटून बरंचसं परत घेतलं.

त्या उलटहल्ल्यात, १ डिसेंबरला, हिंदी घोडदळातल्या लान्स दफेदार गोबिंद सिंग याने आपली रेजिमेंट आणि ब्रिगेडचं ठाणं यांच्यामध्ये तीन वेळा निरोप नेले. अंतर दीड मैल, सगळं उघडं, सगळं शत्रूच्या नजरेत. तिन्ही वेळा घोडा त्याच्या मांडीखाली मारला गेला आणि तिन्ही वेळा त्याने उरलेलं अंतर पायी काटलं. रणगाडे आले होते, विमानं आली होती, आवाजावरून तोफ सापडत होती. निरोप मात्र घोड्यावरून.

दीड मैल म्हणजे किती, असं पोरं विचारतात. मी त्यांना चावडीच्या पायरीवर उभं करतो आणि ओढ्यापलीकडची हायस्कूलची इमारत दाखवतो. मधे सगळी शेतं.