गोळी, चहा आणि दुपटी
आज ९ तारीख. दर महिन्याच्या ९ ला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, म्हणून सकाळीच ग्रामीण रुग्णालयात जाऊन आले. सातवा लागलाय. वजन, बीपी ठीक. हिमोग्लोबिन मात्र ९.८. निदान ११ तरी हवं.

मला रडूच आलं. लोहाची गोळी तर एक दिवस चुकवलेली नाही! सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "कशाबरोबर घेतेस गं?" चहाबरोबर. तिथंच चुकत होतं. चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. आता गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा नंतर दोनेक तासांनी, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. इतकं साधं, पण आजवर कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल तर तिला एवढं नक्की विचारा.

घरी आले तर सासूबाई ओसरीवर त्यांच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी शिवत बसलेल्या. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं कापड. "नवं कापड बाळाला टोचतं," म्हणाल्या. एक दुपटं गालाला लावलं, आणि तेवढ्यात आतून लाथ! त्यांनी दोरा दातात धरूनच पोटावर हात ठेवला. बाळ लगेच गप्प. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिलो, पुढच्या लाथेची वाट बघत.