पुठ्ठ्याची जाडी

सोमवार

वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला आज दिलेलं काम एका ओळीचं होतं: २ मिमी जाडीच्या ग्रे बोर्डातून, म्हणजे करड्या कडक पुठ्ठ्यातून, १२ सेंटिमीटरचा पोकळ घन करा, बाहेरून कुठेही फट दिसता कामा नये.

दुपारपर्यंत बहुतेक टेबलांवर १२० बाय १२० मिमीचे सहा चौकोन पडले होते. कापलेले नीट, पण एकमेकांत न बसणारे. कारण सरळ आहे. तळाच्या चौकोनावर समोरासमोरच्या दोन भिंती उभ्या केल्या की त्यांच्या मधे ११६ मिमीच जागा उरते आणि हातातली तिसरी भिंत असते १२० ची. ती दाबून बसवली तर घन फुगतो, बाहेरून चिकटवली तर तळाबाहेर लोंबते. वर तळाची आणि झाकणाची जाडी मिळून उंची १२४ होते.

बरोबर हिशोब असा: तळ आणि झाकण १२० बाय १२०, दोन भिंती १२० बाय ११६, उरलेल्या दोन ११६ बाय ११६. हा तक्ता फळ्यावर आधीच लिहून द्यायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. लिहून दिला तर घन तासाभरात होतो आणि त्यातून काहीच मिळत नाही. चार मिलिमीटर कुठे गेले, हे शोधताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळतं की कागदावरच्या रेषेला जाडी नसते, भिंतीला असते.

ही जाडी नुसती पुठ्ठ्याची नाही. आपली नेहमीची ९ इंची विटांची भिंत म्हणजे २३० मिमी. १:१०० ला, म्हणजे शंभरपट लहान मॉडेलमधे, ती २.३ मिमी होते, म्हणजे हातातला ग्रे बोर्ड जवळजवळ खरी भिंतच. भिंतींच्या मध्यरेषा धरून ३ मीटरची खोली काढली, तर आत प्रत्यक्षात २.७७ मीटर मिळतात. १९५ सेंमीचा पलंग आणि ९० सेंमीचं कपाट एका ओळीत ठेवायचं तर २८५ लागतात. नकाशात बसलेलं कपाट घरात बसत नाही ते इथे.

कोपऱ्याचाही निर्णय याच घनात घ्यावा लागतो. जोडावर एका पुठ्ठ्याची कड दिसणारच, ती कुठल्या बाजूला दिसू द्यायची? समोरची बाजू अखंड हवी असेल तर १२० ची भिंत पुढे घ्यायची आणि कडा बाजूला वळवायच्या. ४५ अंशांत कड तासून जोड लपवता येतो, पण पहिल्या आठवड्यात तो हट्ट नको. तासलेली धार मऊ पडते आणि कोपरा जरा लागला की चेपतो.

मंगळवार

आजचा दिवस कटरचा. ग्रे बोर्डाला १८ मिमी पात्याचा कटर, माउंट बोर्डाला (त्याहून पातळ, गुळगुळीत पुठ्ठ्याला) आणि कागदाला ९ मिमीचा. एका दमात आरपार कापायचं नाही. पहिला हात अगदी हलका, फक्त चर पाडण्यापुरता. दुसरा आणि तिसरा त्याच चरातून. जोर लावला की पातं वाकतं आणि कटर बाहेरच्या बाजूला कलतो. वरून रेघ सरळ दिसते, खालची कड मात्र अर्धा-एक मिमी बाहेर गेलेली असते. कालच्या कित्येक घनांचे कोपरे मापं बरोबर असूनही उघडे राहिले ते यामुळेच. कापलेली कड गुण्याला लावून उजेडासमोर धरली की लगेच कळतं.

स्टीलची पट्टी नेहमी ठेवायच्या तुकड्यावर धरावी, म्हणजे कटर घसरलाच तर टाकाऊ भागात जातो. उभं राहून कापावं. पट्टीवरची बोटं काठापासून मागे. पात्याचं टोक बोथट झालं की चिमट्याने तुकडा मोडावा, काटकसर नको. बोथट पात्याला जोर लागतो आणि हात कापतो तो त्या जोरानेच.

फेव्हिकॉल कडेवर टूथपिकने, पातळ. बाहेर ओघळला तर तो जास्त झाला. त्यातलं पाणी पुठ्ठा पितो आणि पुठ्ठा वाकतो, पावसाळी हवेत तर फारच. एका बाजूला कागद चिकटवलेला पुठ्ठा रात्रीत पापडासारखा वळतो. दुसऱ्या बाजूलाही तसाच कागद लावला की ओढ दोन्हीकडून सारखी होते आणि तो सपाट राहतो. थर्माकोलला फेव्हिक्विक लावू नये, थर्माकोल विरघळतो.

बुधवार

आज फक्त कागद. कात्री नाही, गोंद नाही. १९२३ पासून बाऊहाउस या जर्मन कलाशाळेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात तिथले शिक्षक योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांपुढे कागद ठेवत आणि त्याच्यातून काय काढता येतं ते बघा म्हणत. त्या सरावाची बरोबरी करणारा दुसरा सराव मला अजून दिसलेला नाही.

२० सेंमी अंतरावर दोन वह्यांच्या चळती. त्यावर ए-फोर कागद सपाट ठेवला तर स्वतःच्याच वजनाने मधे खचतो. त्याच कागदाला दीड सेंमीच्या उलटसुलट घड्या घातल्या की खोडरबर पेलतो, कटर पेलतो, मोबाइलही पेलतो. कागद तोच आहे. वाढली ती त्याची उभी खोली, मिलिमीटरच्या दहाव्या भागावरून थेट सेंटिमीटरवर.

मोडतो कसा, ते डोळे लावून बघण्यासारखं आहे. कागद फाटत नाही. टोकाच्या घड्या हळूहळू पसरतात, पन्हळी सपाट होतात आणि मग सगळं एकदम खाली बसतं. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची पट्टी लावून घड्यांचं पसरणं रोखलं की तोच कागद आणखी वजन घेतो. पन्हळी पत्र्याचं छप्पर हेच तत्त्व वापरतं.

त्याला जोडून एक मिनिटाचा प्रयोग: २० मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टी आधी आडवी धरून दाबायची, मग कडेवर उभी धरून. हिशोबाने उभी पट्टी १०० पट ताठ असते. तुळईची उभी खोली रुंदीपेक्षा जास्त का असते, हा प्रश्न यानंतर कुणी विचारत नाही.

गुरुवार

मुंबईच्या कंबाला हिलवरची वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा इमारत, १९८३ ची. २१ मीटर चौरस, ८४ मीटर उंच, म्हणजे रुंदीच्या चौपट उंची. मॉडेलला ही मापं फार सोयीची आहेत: १:२०० ला १०५ बाय १०५ बाय ४२० मिमी, २८ मजले धरले तर मजला १५ मिमीचा, म्हणजे ५ मिमी सनबोर्डाचे (फोमच्या हलक्या पांढऱ्या शीटचे) तीन थर. सगळा टॉवर रचायची गरज नाही, आठ मजले पुरतात.

अडचण अशी की मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झड पण तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा घेऊन हे सोडवलं. कोरियांनी तोच व्हरांडा उभ्या इमारतीत नेला, कोपऱ्यातल्या दुमजली उंचीच्या गच्च्या करून.

मुलं पहिल्या फेरीत हमखास बाल्कन्या बाहेर चिकटवतात. मग ठोकळ्याचा ठोकळेपणा जातो, कडा फुटतात आणि खण लावलेल्या कपाटासारखं काहीतरी उभं राहतं. त्यांना एवढंच सांगायचं: काहीही जोडायचं नाही, फक्त कोपऱ्यातून काढायचं. सहा थर, म्हणजे ३० मिमी उंचीचा कोपरा कापून घेतला की बाकीच्या तीन कडा शाबूत राहतात आणि डोळा गेलेला कोपरा आपोआप पुरा करतो. जोडणं आणि कोरणं यातला फरक दोन मॉडेलं शेजारी ठेवली की दिसतो, व्याख्येने कळत नाही.

शुक्रवार

बाहेर पाऊस, त्यामुळे सूर्य टॉर्चचा. १:५० ची खोली, ५ मिमी सनबोर्डाच्या भिंती, दक्षिणेला २४ मिमी उंच खिडकी, तिच्या लगेच वर १२ मिमीचा छज्जा, म्हणजे ६०० मिमीचा.

मोबाइलचा टॉर्च जवळून धरला तर किरण पंख्यासारखे फाकतात. ३० सेंमीवरून १५ सेंमीच्या मॉडेलच्या दोन्ही कडांना १४-१४ अंशांचा फरक पडतो, २ मीटरवरून दोनच अंशांचा. म्हणून २ मीटरची दोरी. मुंबईत २१ डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य साधारण ४७.५ अंशांवर: टॉर्च १.४७ मीटर उंच आणि १.३५ मीटर लांब. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी ७१ अंश: १.८९ उंच, ०.६५ लांब. सावली डिसेंबरात १३ मिमी उतरते, अर्धी खिडकी उन्हात राहते. विषुवदिनी ३५ मिमी उतरते, सगळी खिडकी झाकली जाते. थंडीत ऊन आत, उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर, एका १२ मिमीच्या पट्टीने. पांढरा सनबोर्ड टॉर्चचा उजेड आरपार सोडतो, म्हणून बाहेरून काळा कागद लावायला विसरू नये.

मग उत्तरेची खिडकी. ‘उत्तरेला ऊन येत नाही’ हे वाक्य थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेलं आहे, आणि ते इथल्या विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंग शीटवर बघून मला दर वेळी वाईट वाटतं. मुंबईत मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो; तिथून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. २१ जूनला तो पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि तितकाच उत्तरेला मावळतो. सकाळचा टॉर्च तिथे धरला तर उत्तरेच्या खिडकीतून तिरपी उन्हाची पट्टी आत पडली. छज्जा १२ चा २० मिमी केला, पट्टी हलली नाही. खिडकीच्या पूर्वेच्या कडेला १५ मिमीचा उभा तुकडा लावला तेव्हा निम्मी गेली. तुकडा २० चा केल्यावर काठावर धाग्याएवढी उरली.