अनुक्रमांक ८७

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. तो पकडायच्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये सगळ्यात लहरी काय असेल तर ते सोडियम डायथिओनाइट हे रसायन. हवा लागली, दमट झालं की ते मेलं. मग ते रक्तातला ऑक्सिजन ओढत नाही, द्रावण गढूळ होत नाही, आणि सिकलसेलचं पोर ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातं. म्हणून मी दर वेळी आधी दोन नळ्या लावतो: एक माहीत असलेली पॉझिटिव्ह, एक माहीत असलेली निगेटिव्ह. पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, बुडाल्या तर पॉझिटिव्ह. माझा एक सहकारी या नळ्या, म्हणजे कंट्रोल, लावतच नाही, ‘टाइम जाते’ म्हणतो. त्याची शिबिरं वेळेत संपतात. त्याला प्रशस्तिपत्रकही मिळालंय.

हे सांगायचं कारण, त्या दिवशी माझ्या कामात काही चुकलं नव्हतं. डायथिओनाइट ताजं होतं, आईसपॅक घट्ट गोठलेले होते, लेबलं कोरड्या हाताने लावली होती. तरी तो दिवस डोक्यातून जात नाही.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं गाव. नाव देत नाही. नुसतं आरोग्य शिबिर लावलं तर तिथे दहा-बारा माणसं येतात, म्हणून कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यालाच आपलं शिबिर जोडायचं. गर्दी आयती. एका मांडवात साड्या, घमेली, क्रिकेटचं सामान वाटणं सुरू आणि शेजारच्या मांडवात मी टुर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, घेऊन बसलेलो. मांडवाच्या चारही कोपऱ्यांवर बंदूकवाले जवान. ती पोरं चांगली होती, एकाने मला चहा आणून दिला. पण रांग मुकी होती. एरवी शिबिरात काय कलकलाट असतो! पोरं रडतात, बाया एकमेकींना हसतात, एखादा म्हातारा ‘माझं रक्त कमी आहे बाप्पा, सगळं नका काढू’ म्हणतो. तिथे बाह्या आपोआप वर होत होत्या.

एरवी आम्ही आधी बोटाला टोचून टेस्ट करतो आणि पॉझिटिव्ह येईल त्याचंच शिरेतून घेतो. इथे दुसऱ्यांदा येणं होणार नाही, म्हणून वरून आदेश आला की सगळ्यांचं थेट शिरेतून दोन मिली घ्या, टेस्ट रात्री आरोग्य केंद्रात लावा. मी घेत गेलो. जांभळ्या झाकणाचा ईडीटीए बल्ब, म्हणजे रक्त गोठू न देणारी नळी, आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट, लेबल, रॅक. पुढचा. संमतीच्या कागदावर अंगठे आधीच उमटलेले होते. एकशे अठरा.

चार वाजता व्हॅक्सिन कॅरिअर हा थंड डबा बंद करताना एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. सत्तरीची तरी असेल, हातांवर गोंदण. माडियात काहीतरी सांगत होती. मला एकच शब्द कळला, नेत्तूर. रक्त.

आशाताईने सांगितलं, “सर, थे म्हणते का माझं रक्त वापस द्या.”

मी हसलो. आता ते हसणंही आठवतं. मग समजावू लागलो: आजी, आजाराची तपासणी आहे, हे कुठे विकायला नेत नाही. आशाताई सांगत होती, म्हातारी ऐकत होती आणि शेवटी पुन्हा तेच. मग ती बराच वेळ बोलली. आशाताईने थोडक्यात सांगितलं: इंदिराबाईच्या राज्यात हिच्या नवऱ्याला बाजारातून ट्रकमधी टाकून नेलं होतं. तवाही डॉक्टर होता, तवाही पोलीस होता, तवाही कागदावर अंगठा घेतला. वापस आला तं नसबंदी होऊन. एकच पोरगी होती तवा, थे पण मेली. पुढं दिराचं पोरगं वाढवलं.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, हे मी वाचलेलं होतं. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अडलं. ऐंशी लाखांतल्या एकाची बायको रॅकसमोर उभी राहते तेव्हा काय बोलायचं, हे कुठे वाचलेलं नव्हतं.

रजिस्टरमध्ये नाव शोधलं. अनुक्रमांक ८७. वय ७०. आणि मला घाम फुटला, कारण ही मोहीम शून्य ते चाळीस वयाची आहे. हिचं रक्त घ्यायचंच नव्हतं. मी मान वर करून चेहरासुद्धा पाहिला नव्हता, नुसती शीर पाहिली होती.

बल्ब काढून दिला. तिला झाकण उघडेना, मी उघडून दिलं. तिने तो मोहाच्या बुंध्याशी ओतला, वर पायाने माती लोटली आणि रिकामा बल्ब मला परत दिला. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात हे कुठेच बसत नाही. गाडीत साहेब म्हणाले, “तू बी कमाल करतो यार.” रजिस्टरला ‘नमुना बाद’चा रकाना आहे. त्यात कारणं लिहायची ठरलेली: गोठला, हिमोलाइज झाला म्हणजे पेशी फुटल्या, अपुरा, लेबल नाही. मी ‘अपुरा’ लिहिलं.

पुढच्या आठवड्यात नव्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात मला हिमोग्लोबिनवर तास घ्यायचा होता. हा माझा आवडता तास. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगच्या प्रयोगशाळेने विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन पळवलं आणि सिकलसेलवाल्याचं वेगळं पळतं हे दाखवलं. आजार रेणूतच असतो हे पहिल्यांदा कळलं. १९५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅमने नेमका फरक काढला: प्रथिनाच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, बस एवढंच. ग्लुटामिकचा ऋणभार गेला म्हणून वीज सोडली की आमच्या तपासणीच्या पट्टीवर सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा, म्हणजे ‘एस’चा, बँड नेहमीच्या ‘ए’च्या मागे रेंगाळतो. पॉन्सो रंगात बुडवून, अ‍ॅसिटिक आम्लाने धुऊन पांढऱ्या पट्टीवर ते दोन गुलाबी बँड उमटतात ना, वीस वर्षं झाली, मला अजून त्याचं अप्रूप आहे. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या आदिवासींमधली, हर्मन लेहमान यांची.

तास तयार करताना लेहमान जन्माने कुठले ते पाहिलं. जर्मनीतलं हाले. ज्यू वंशाचे, हिटलरच्या राज्यातून निसटून इंग्लंडला आलेले. इंग्रॅम ब्रेस्लाऊचे, १९३८ मध्ये पोरवयात घरच्यांबरोबर पळालेले. हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे माक्स पेरुत्झ व्हिएन्नाचे, तेही ज्यू घरातले. माझ्या पट्टीमागची अर्धी माणसं त्या एका दहशतीतून सुटलेली.

हाले हे गाव मात्र आणखी एका नावाने ओळखीचं होतं. एमिल आब्डरहाल्डेन तिथलेच प्राध्यापक. परकं प्रथिन शरीरात गेलं की रक्तात त्याविरुद्ध खास किण्वं (एन्झाइम) तयार होतात आणि ती चाचणीत पकडता येतात, हा त्यांचा दावा. तशी किण्वं नसतातच. १९१४ मध्येच त्यावर आक्षेप आले होते. आणि १९४३ पासून बर्लिनमध्ये ओटमार फॉन फर्शुअर यांनी याच चाचणीच्या आधारावर ‘विशिष्ट प्रथिने’ नावाचा प्रकल्प चालवला, सरकारी संशोधन अनुदानावर. वेगवेगळ्या वंशांच्या रक्तातल्या प्रथिनांत फरक शोधायचा होता. रक्त पाठवणारा त्यांचा जुना सहायक, आउशविट्झ छळछावणीचा डॉक्टर योझेफ मेंगेले. मार्च १९४४ च्या अहवालात फर्शुअर हे लपवतही नाहीत, सहकाऱ्याची नेमणूक सांगावी तसं सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका पत्रात कळवतात की दोनशेहून अधिक माणसांच्या रक्तद्रवापासून नमुने तयार झाले आहेत. युद्धानंतर त्यांना सहाशे मार्क दंड झाला आणि १९५१ मध्ये ते म्युन्स्टरला मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले.

प्रशिक्षणात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, कुठं आउशविट्झ आन् कुठं आपलं शिबिर!” खरंय. आम्ही गोळ्या द्यायला रक्त घेतो, तिथे मारायच्या आधी घेत होते. मी तुलना करतच नाही. पण मला सारखं वाटतं, ते दोनशे नमुने बर्लिनला पोचले तेव्हा तिथल्या कोणा तंत्रज्ञाने माझ्यासारखंच पाहिलं असेल: गोठलं तर नाही ना, लेबल आहे ना. बल्बकडे बघून एवढंच कळतं. बाकीचं कळायला रांगेत मान वर करावी लागते.

निकाल आले. एकशे सतरांत एकवीस पॉझिटिव्ह, पट्टीवर त्यांतले एकोणीस वाहक आणि दोन एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून ‘एस’ आलेले, खरे आजारी. त्यातला एक सात वर्षांचा मुलगा, आजी क्रमांक ८७. शाळेतून पाय दुखतो म्हणून परत यायचा, मास्तर ‘कामचुकार’ म्हणायचे. फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सियुरिया सगळं आमच्याकडे फुकट आहे. निरोप पाठवले. दुसरा मुलगा आला, म्हातारीच्या नातवाकडचं कोणी आलं नाही. नातवाच्या बापाने ऐकलं की ‘मेळाव्यात नाव लिवलं थ्या लोकायची लिस्ट आली’, आणि बायकोपोराला घेऊन नदीपलीकडे सोयऱ्याकडे गेला. लिस्ट आली म्हणजे काय, याचे त्या भागात दोन-तीन अर्थ होतात आणि एकही चांगला नाही. पोलिसांची असते, जंगलवाल्यांची, म्हणजे नक्षलवाद्यांचीही असायची.

परवा आशाताईच्या मागे मोटारसायकलवर बसून गेलो. सरकारी गाडी मुद्दाम घेतली नाही. घराला कुलूप नव्हतं, पण आत फक्त म्हातारी. मी रिपोर्ट काढून पोराचं नाव वाचलं, आजार सांगितला, ताप आला की थांबायचं नाही, पाणी भरपूर पाजायचं, हे सगळं सांगितलं. आशाताई बोलत होती. म्हातारी माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होती. मग तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि खालच्या गोल निळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

“थे विचारते, हा पोलिसाचा आहे का?”

शिक्का आमच्या प्रयोगशाळेचा होता. मी नाही म्हटलं. तिने कागद घडी करून कमरेला खोचला आणि पोरगा कुठे आहे ते सांगितलं नाही.