भायखळ्याला उतरते

भायखळा ते सीएसएमटी हे अंतर चार किलोमीटर. मध्ये सँडहर्स्ट रोड आणि मशीद ही दोन स्टेशनं, फास्ट गाडी तिथे थांबत नाही. म्हणजे सात-आठ मिनिटांचं काम. पण भायखळा सुटलं, बायका उठून दाराशी सरकल्या, पर्सा पुढे घेतल्या, ओढण्या आवरल्या, की मशीदच्या अलीकडे कुठेतरी गाडी थांबते. थांबते ती थांबतेच. "सिग्नल लागला," कुणीतरी म्हणतं. पुढे प्लॅटफॉर्म मोकळा नाही. शेजारून स्लो गाडी टेचात निघून जाते. डोंबिवलीहून पन्नासेक किलोमीटर धावत आलेली गाडी शेवटच्या किलोमीटरला ठिय्या देऊन बसते. कॉलेजच्या मुली रुळांवर उड्या टाकून चालू पडतात. त्या उड्या माझ्या गुडघ्यांनाही नकोत आणि मला स्वतःलाही.

गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर मुंबईकर त्याला उशीर म्हणत नाही. त्रास उशिराचा नाहीच, किती उशीर होणार हे कळत नाही त्याचा आहे. आमच्या ऑफिसात तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापतात. हजेरीचं मशीन माझ्या आधी पोचलेलं असतं आणि त्याला सिग्नल वगैरे कळत नाही.

सीएसएमटीला उतरून संपत नाही. माझं ऑफिस हॉर्निमन सर्कलच्या पलीकडे. सबवेतून वर आलं की दोन रस्ते: शेअर टॅक्सीची रांग, नाहीतर बस. मोबाइलमध्ये बस दोन मिनिटांवर दिसते. मग एक मिनिटावर. मग ती नकाशावरून नाहीशीच होते आणि तिच्या जागी अठरा मिनिटांवरची दुसरी उगवते. पहिली गेली कुठे, ते विचारायला समोर माणूस नसतो. कधी स्टॉपच हललेला असतो. खोदकामासाठी खांब उचलून पन्नास पावलं पुढे नेलेला, आणि हे फक्त रोजच्यांना माहीत. काचेवरचा मराठी आकडा लांबून ओळखायची सवय झाली आहे. चार आणि पाच यांत घोळ होईल एवढ्या अंतरावरून मी हात दाखवते आणि तीनदा चुकीची बस थांबवल्यावर ड्रायव्हर जे बोलतो ते ऐकून घेते.

म्हणून मी भायखळ्याला उतरायला लागले.

डब्यातल्या बायकांना हे अजून पटलेलं नाही. "अगं, चाललीस कुठे? आता तर बसायला मिळालं तुला," असं ठाण्यापासून उभी असलेली एक ताई रोज म्हणते, आणि म्हणता म्हणता माझ्या जागेवर बसते. तिघींच्या बाकावर कडेला टेकायची चौथी सीट असली तरी सीट ती सीट. जागा कोणाला द्यायची हे ठाणं सोडतानाच ठरलेलं असतं, त्यामुळे माझ्या चालण्यात तिचाही स्वार्थ आहे. ती मला हेही सांगते की मागच्या बाजूने उतर, तिथे जिना मोकळा असतो.

भायखळा स्टेशनात मला दोन मिनिटं जास्त थांबायला आवडतं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीपासून, ठाण्याला पहिली गाडी गेली, त्या वेळच्या मार्गावरचं हे स्टेशन. जुन्या इमारतीची डागडुजी अलीकडे इतकी नीट झाली की २०२२मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार तिला मिळाला. गर्दीच्या वेळी हे कुणाला दिसत नाही. मलाही इतकी वर्षं दिसलं नव्हतं, कारण मी डब्याच्या आत, दुसऱ्या बाईच्या अंबाड्याकडे बघत पुढे निघून जायचे.

बाहेर पडलं की पहिली खूण खडा पारशी. उंच खांबावर उभे शेठ कर्सेटजी माणेकजी, खाली दिवे धरलेल्या जलपऱ्या, आणि दोन्ही अंगांनी फ्लायओव्हरचे हात. पुलावरून जाणाऱ्याला ते क्षणभर डोळ्यांच्या पातळीवर दिसतात, खालून चालणाऱ्याला मान वर करावी लागते. हा पुतळा त्यांच्या मुलाने, माणेकजी कर्सेटजींनी उभारला. त्याच माणेकजींनी १८६३मध्ये मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, अलेक्झांड्रा, जी आजही फोर्टात आहे. म्हणजे माझा रोजचा रस्ता बापाच्या पुतळ्यापासून निघतो आणि मुलाच्या शाळेच्या आसपास संपतो. हे कळल्यापासून मी त्या पुतळ्याकडे जरा ओळखीच्या नजरेने बघते.

जे. जे. हॉस्पिटलपाशी मोठा उड्डाणपूल सुरू होतो. वरून मोटारी क्रॉफर्ड मार्केटच्या पुढे जाऊन उतरतात. दुचाकींना वर बंदी, म्हणून सगळ्या मोटारसायकली खाली, माझ्याबरोबर. या पुलाला नावं ठेवण्यात मीही पुढे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून हात काढला तर टॅक्सीच्या टपाला लागेल, असा तो गेलाय. पण एप्रिल-मे महिन्यात नऊच्या उन्हात त्या पुलाच्या आणि जुन्या इमारतींच्या सावलीने मी मोहम्मद अली रोड पार करते, तेव्हा बोलायला तोंड राहत नाही.

भेंडीबाजारात एका बाजूला नवे टॉवर चढताहेत आणि दुसऱ्या बाजूला लाकडी कठड्यांच्या चाळी त्यांच्याकडे बघत उभ्या आहेत. आत वळलं की रौदत ताहेरा. बोहरा धर्मगुरूंची पांढऱ्या संगमरवराची कबर, आणि आतल्या भिंतींवर अख्खं कुराण सोन्याने कोरलेलं. गल्लीच्या तोंडाशी चहावाला कटिंग ओततो. मी थांबत नाही, पण तो आता हात वर करतो. नान तंदुरातून निघत असतात. नळी निहारीची, म्हणजे रात्रभर शिजलेल्या मांसाच्या रश्श्याची, मोठी पातेली त्या वेळेला तळाला लागलेली असतात, कारण ती खाणारे पहाटेच येऊन गेलेले. रमझानमध्ये मात्र सकाळी इथे विलक्षण शुकशुकाट असतो. संध्याकाळी हाच रस्ता मालपुव्यांनी आणि माणसांनी चालता येणार नाही एवढा भरतो.

शुक्रवार असेल तर चोरबाजारातून जाते. पहाटेपासून रस्त्यावर माल मांडलेला: एका पायाचा बूट, रिमोट, घड्याळांच्या सुट्या पट्ट्या, कुणाच्या तरी घरचा पितळी अडकित्ता. मी काही घेत नाही. एकदा किंमत विचारली तर पाव किलोमीटर तो माणूस किंमत उतरवत मागे आला. शेवटी मलाच संकोच वाटायला लागला, कारण शेवटची किंमत खरंच चांगली होती.

कंटाळा आला की रस्ता बदलते, आणि हे लोकलला जमत नाही. गोल देवळावरून आत शिरायचं, तांबाकाट्याला भांड्यांच्या ठोक्यांत सापडायचं, मुंबादेवीला बाहेरून हात जोडायचे आणि झवेरी बाजारातून निघायचं. दुकानं उघडायच्या आधी तिथे लोक गल्लीतली धूळ झाडून, पोत्यात भरून नेतात. कारागिरांच्या कपड्यांवरून, पायांवरून पडलेला सोन्याचा कण त्या धुळीत असतो, तो धुऊन काढतात. मुंबईत धूळ तर सगळीकडेच, पण जपून उचलतात ती इथलीच. या गल्ल्यांत फूटपाथ ही कल्पनाच नाही. हातगाडीवाल्याचा हक्क पहिला. तो ओरडतो तेव्हा भिंतीला चिकटायचं. "आंटी, साइड!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'आंटी' या शब्दाने मी दुखावले होते. आता बाजूला होते.

क्रॉफर्ड मार्केट १८६९चं. दारावरची कोरीव शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. आंब्याच्या दिवसांत वासानेच वेग कमी होतो. त्यापुढे दादाभाई नौरोजी रोडच्या कमानी लागतात, आणि या रस्त्यावर माझा सगळ्यात जीव आहे. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या तऱ्हेच्या. पण तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी छत असलेली वाट सगळ्यांनी सोडायची, असा नियम १८९६च्या सुमाराला केला गेला. ऊन नाही, पाऊस नाही, खाली दगडी फरशी. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर चालणाऱ्याचा विचार केला, त्याच्या सावलीत मी अजून चालते. आपण २००८पासून काय केलं, तर बांद्र्यापासून सुरुवात करून चालणाऱ्यालाच उचलून स्कायवॉकवर ठेवलं. खाली गाड्यांना जागा झाली. माझ्या वयाच्या बाईने दीड मजला चढायचा, कुणाच्या खिडकीत डोकावत अर्धा किलोमीटर जायचं आणि परत दीड मजला उतरायचं. त्यापेक्षा ती हातगाडी बरी.

या कमानींत फेरीवाले बसतात, त्यावर आमच्या ऑफिसात दोन तट आहेत. मी त्यांच्या बाजूची. लेस, मोबाइलचे कव्हर, जुनी नाणी, केसांत लावायच्या पिना, हे सगळं ऑफिसला जाता जाता मिळेल अशी माझी ही एकच वाट आहे. शिवाय सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा इथून जाताना, दुकानं बंद आणि फेरीवाले हजर, यात बायकांना काय सोय असते ते फेरीवाले हटवा म्हणणाऱ्यांना माहीत नाही.

सासरे गिरगावात वाढलेले. त्यांना माझा रस्ता सांगितला तर म्हणाले, "ही तर ट्रामची वाट." बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली आणि मग शहराने तिला विसरायचं ठरवलं. २०१७मध्ये फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत जमिनीखाली तिचे रूळ निघाले, ते पेपरात वाचून सासऱ्यांनी दोन दिवस फोनवर सगळ्या भावंडांना तेच सांगितलं. चालत्या ट्राममधून उतरता यायचं, इतकी ती हळू होती, असं ते कौतुकाने सांगतात. मी म्हटलं, "बाबा, आता बस उभीच असते, त्यामुळे उतरायला आणखी सोपं." त्यांना विनोद आवडला नाही.

तर सगळं मिळून पंचावन्न मिनिटं. झवेरी बाजारातून गेलं तर पाच-सात जास्त. या आकड्याचं मला सुख आहे. ऊन असो, सोमवार असो, मेगाब्लॉकचा उरलेला गोंधळ असो, पंचावन्न म्हणजे पंचावन्न. चालणं हे तब्येतीला चांगलं असतं, हे मला डॉक्टरांनी सांगून झालंय, व्हॉट्सअॅपने रोज सांगून होतंय. मला त्यात रस नाही. दहा वाजता मी कुठे असेन हे मला माहीत असतं, एवढं या शहरात कुठल्याच वाहनाने मला दिलेलं नाही. भुयारी मेट्रो आता कफ परेडपर्यंत जाते, सीएसएमटीहून पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक. गेले एकदा. गार आहे, चकाचक आहे. पण खाली उतरणं, बॅग तपासणं, वर येणं यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी वरच्या वर पोचले असते.

आता जे कुणी लिहीत नाही ते. रस्ता पुरुषांसाठी चार किलोमीटरचा असेल, बायकांसाठी तो स्वच्छतागृहापासून स्वच्छतागृहापर्यंतचा असतो. मुंबईत २०११पासून बायकांनी यासाठी 'राइट टू पी' नावाने चळवळ चालवली, तरी आजही मी डोंबिवली सोडताना पाणी पिते ते मोजून. भायखळ्यानंतर भरवशाची जागा कुठे आहे हे मला तोंडपाठ आहे, आणि ते सांगायला मी कुठल्याही बाईला रस्त्यात थांबवू शकते.

पावसाळ्यात माझा एकच नियम आहे: पाणी घोट्याच्या वर आलं की चालणं बंद. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या पाण्यात गाडी सोडून चालत घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. चालण्याचं कितीही प्रेम असलं तरी पाय कुठे पडतोय ते दिसायला हवं. त्या दिवसांत मी मुकाट्याने मशीदच्या अलीकडे अडकून बसते, आणि ताईची जागा ताईला मिळत नाही म्हणून ती माझ्यावर रागावते.

संध्याकाळी मी चालत नाही. सीएसएमटीला गाडी रिकामी लागते, आणि गाडी पुरती थांबायच्या आत चढणाऱ्या पोरींच्या मागून गेलं तरी कधीकधी खिडकी मिळते. ती सोडून भायखळ्याला उभ्याने चढण्याइतकी मी वेडी नाही.

परवा ऑफिसातल्या वसईच्या मुलीने विचारलं, "मॅडम, चर्चगेटच्या बाजूने असं काही आहे का?" तिला मरीन लाइन्सला उतरून धोबीतलाव, मेट्रो सिनेमा, आझाद मैदानाच्या कडेने ये म्हटलं. तर म्हणते, काळबादेवीतून आलं तर? तिथून लांब पडेल, असं मी सांगितलं. ती म्हणाली, लांबच हवंय. सोमवारी दोघी मरीन लाइन्सला भेटणार आहोत. माझी लाइन मध्य रेल्वेची, तेव्हा मला दादरला उतरून पूल ओलांडून पलीकडची गाडी धरावी लागेल. दादरचा पूल, सकाळी साडेआठ. बघू.